पंखाखालची चिठ्ठी

माझ्या बोटांच्या टोकांना अजून नीट कळत नाही. केमोनंतर असं होतं, असं हॉस्पिटलात हाताचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, रोज एक पान लिहा, पेन धरायची सवय राहील. काय लिहू, असं विचारलं तर म्हणाल्या, काहीही लिहा, किराण्याची यादी लिहा. चार दिवस यादी लिहिली. तेच तेच तांदूळ आणि साखर लिहून कंटाळा आला. मग जे तोंडानं कुणाला सांगता येत नाही ते लिहायला लागले.

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ही वही कुणाला दाखवायची म्हणून लिहीत नाही. पण माझ्यासारखी एखादी असेल, अंगावरची गाठ दाखवायची जिला लाज वाटते, तिच्या हाती कधी पडलीच तर तिनं वाचावी. आजाराची माहिती यात नाही. ती डॉक्टर देतात. मी काय केलं तेवढंच यात आहे.

पंख्याचं विमान

आम्ही जोगेश्वरीला राहतो, सातव्या मजल्यावर. मी, माझे मिस्टर आणि मुलगी वैशाली. मिस्टर एका सोसायटीत लिफ्टवर आहेत. वैशाली चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते.

मी मरोळला कामाला जायची. तिथल्या एका गाळ्यात पुठ्ठ्याचे डबे बनतात. मिठाईचे, साड्यांचे, पत्रिकांचे. एकवीस वर्षं मी तेच केलं. कापायचं, घडी मारायची, खळ लावायची, दाबून ठेवायचं. आमचे शेठ जुन्या वळणाचे, त्यांना अजून मैद्याची खळच लागते. मैदा शिजवून त्यात थोडं मोरचूद टाकायचं, म्हणजे झुरळं लागत नाहीत.

मिठाईचे डबे नेणाऱ्या एका कंपनीचे साहेब होते. त्यांचे वडील फार पूर्वी लढाऊ विमानांवर मेकॅनिक होते. ज्या विमानावर ते काम करायचे, तसंच विमान कागदाचं करून ऑफिसात काचेत ठेवायचं साहेबांच्या मनात होतं. परदेशातून त्याचे छापील तक्ते मागवले होते. त्यातले तुकडे कापून जोडायचे. त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी तक्ते बघितले आणि हात जोडले. म्हणून ते काम आमच्या शेठकडे आलं.

शेठ म्हणाले, "इंदूबाई, हे काम तुमच्याशिवाय कोणी नाय करनार. दुसरा सेट नाय हा, ध्यान ठेवा."

माझ्या शेजारी बसणारी मंगल म्हणाली, "शेठ, हिला विमान देताय? हिला अजून मरोळ नाक्यावर रिक्षा थांबवता येत नाही, लाजते."

सगळे हसले. मीही हसले. खरंच होतं ते.

विमानाचं नाव इंग्रजी होतं, आम्ही त्याला पंख्याचं विमान म्हणायचो. पुढे मोठा पंखा, एकच माणूस बसेल एवढी जागा, अंग हिरवं आणि मातकट. तुकड्यांवर आकडे आणि बाण होते, त्यामुळे वाचायचं फार काही नव्हतं. आत पुठ्ठ्याच्या चकत्या, त्यावर कागदाचं अंग गुंडाळायचं. अंगावर खिळ्यांचे ठिपके छापलेले. बसायच्या जागेत घड्याळं होती, साबुदाण्याहून लहान. खुर्चीला पट्टे होते. कागद कापला की कड पांढरी दिसते, तिच्यावर रंगीत पेन्सिल फिरवायची, हे मला कुणी शिकवलं नाही, दोन दिवसांत आपोआप सुचलं. गोल अंगासाठी कागद स्वेटरच्या सुईवर फिरवून घ्यायचा, तेही सुचलं. मी डबा खायला विसरायची. मंगल ओरडायची, "इंदू, पायलट, जेव आता."

एकवीस वर्षांत मी किती डबे केले असतील. सगळे लोकांनी उघडले आणि फेकले. हे कुणी फेकणार नव्हतं.

चिठ्ठी

त्याच दिवसांत आंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. पंधरा दिवस मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. म्हणजे लक्ष तिच्याकडेच होतं, पण कुणाला बोलले नाही.

आमच्या बिल्डिंगसमोर नाडकर्णी बाईंचा दवाखाना होता. वैशाली लहान होती तेव्हापासून आम्ही त्यांच्याकडेच जायचो. मी गेले आणि सांगितलं, खांदा दुखतो. बाईंनी हात वर करायला लावला. मी केला, पण कोपर अंगाला चिकटवून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कंपाउंडरला बाहेर पाठवलं, पडदा ओढला.

तपासून झाल्यावर त्यांनी चिठ्ठी लिहिली. वर माझं नाव, वय, खाली चार ओळी. "इंदूताई, घाबरायचं नाही, पण थांबायचंही नाही. याच आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलात ही दाखवायची. कळलं?"

"हो."

"वैशालीला सोबत न्या."

"हो."

"नुसतं हो हो करू नका."

खांद्यासाठी गोळ्याही दिल्या. त्या मी घरी आणल्या, कारण गोळ्यांची लाज वाटत नाही. चिठ्ठी पाकिटातच राहिली.

हॉस्पिटलात पुरुष डॉक्टर असतील, मशीनसमोर कपडे काढायला लावतील, चार जण बघतील, हे मला दिसत होतं. विमानाचं अंग तयार झालं होतं, पंख जोडायचे होते. मी आठ दिवस गेले नाही तर शेठ ते मंगलला देतील, हेही दिसत होतं. आणि घरी वैशाली रोज संध्याकाळी माझ्या पाकिटातून किल्ली काढते. चिठ्ठी तिला सापडली असती.

विमानाचे पंख असे असतात की एक लांब पट्टी पोटातून आरपार जाते, तिच्यावर दोन्ही बाजूंचे पंख बसतात. उजव्या बाजूची फट माझ्याकडून केसभर मोठी कापली गेली. पट्टी हलायला लागली. डब्यात अशी फट राहिली की आम्ही कागदाची घडी घालून ती भरतो. त्या दिवशी मी रद्दीत कागद शोधला नाही. पाकिटातून चिठ्ठी काढली, तिची आठ पदरी घडी केली, फटीत घातली. बरोब्बर बसली. खळ लावली, दाबली, वरून विमानाचं कातडं चिकटवलं.

चिठ्ठी फाडून टाकली असती तर मी वाईट ठरले असते. अशी ठेवली तर ती जपून ठेवल्यासारखी वाटली. विमान झालं की जाईन, बाई दुसरी लिहून देतील, असं मी स्वतःला सांगितलं.

हे सगळं मी विमानावर ढकलू शकते. पण ते खोटं होईल. विमान नसतं तर मी दुसरं काहीतरी काढलं असतं. पापड, पाहुणे, गणपती.

विमान झालं तेव्हा शेठ म्हणाले, "साहेब विचारतात, काचेखाली कार्ड लावनार, बनवनाऱ्याचं नाव काय लिहायचं? इंदुमती परब लिहू?"

मी म्हटलं, "नको नको. कारखान्याचं लिहा."

मंगलनं कपाळाला हात लावला. विमान गेलं. माझं नाव त्याच्यावर नव्हतं, पण आत होतं, बाईंच्या अक्षरात, वयासकट.

विमान गेल्यावरही मी हॉस्पिटलात गेले नाही. एकदा भाजी घेताना बाई भेटल्या. त्यांनी लगेच विचारलं, "गेलात ना? काय म्हणाले?"

"हो. काही नाही म्हणाले."

"वा, चांगलं झालं," असं म्हणून त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो.

कळलं तो दिवस

चार महिने गेले. मला ताप आला होता, वैशाली पाठीला बाम लावत होती. तिचा हात काखेकडे गेला आणि थांबला.

"आई, हे काय आहे?"

"काही नाही गं."

"काही नाही काय? लिंबाएवढं आहे हे! डोकं फिरलंय का तुझं?"

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली. मोठं हॉस्पिटल, केस पेपर, ही खिडकी, ती खिडकी, सुई टोचून तपासणी. रिपोर्टच्या दिवशी एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी कागद वाचला, आम्हाला बसायला सांगितलं. दुसऱ्या पेशंटांना ते बसा म्हणत नव्हते, तेव्हाच मला समजलं. कॅन्सर हा शब्द त्यांनी हळू उच्चारला. मी त्यांच्या टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होते. पिना संपल्यात त्यातल्या, एवढाच विचार डोक्यात होता.

डॉक्टर म्हणाले, "चारपाच महिन्यांपूर्वी आला असता तर कदाचित छोट्या ऑपरेशनवर भागलं असतं. आता पूर्ण काढावं लागेल. आधी कुणाला दाखवलं नव्हतं?"

वैशाली म्हणाली, "दाखवलं होतं. आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईंना. त्यांनी दुखण्याच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं."

ती खोटं बोलत नव्हती. तिनं गोळ्यांचं पाकीट बघितलं होतं. डॉक्टर माझ्याकडे वळले. "असंच झालं का मावशी?"

मी मान हलवली. मान हलवायला किती वेळ लागतो? तेवढ्यात झालं सगळं.

दवाखान्यात

त्याच शनिवारी वैशाली मला घेऊन नाडकर्णी बाईंकडे गेली. मिस्टर सोबत होते. बाकावर सातआठ जण बसलेले. वैशालीनं रिपोर्ट टेबलावर आपटला.

"बघा काय केलंत तुम्ही. कॅन्सर आहे माझ्या आईला. आणि तुम्ही गोळ्या देत होतात?"

बाईंनी रिपोर्ट वाचला. त्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाल्या, "इंदूताई, तुम्ही तर सांगितलंत जाऊन आले म्हणून. मी चिठ्ठी दिली होती ना?"

"कसली चिठ्ठी?" वैशाली म्हणाली. "माझी आई कागद हरवत नाही. लग्नापासूनची लाईटबिलं आहेत तिच्या कपाटात. चिठ्ठी दिली असती तर ती असती ना घरी."

"माझ्या वहीत नोंद आहे, दाखवते."

"ती काय, आत्ता पण लिहाल तुम्ही."

बाई पुन्हा माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही सांगा."

बाकावरची माणसं बघत होती. मिस्टरांनी वैशालीचा हात धरला. "सोड गो. ती बाई खोटा बोलणारी नाय."

"बाबा, तुम्ही गप्प बसा."

मी पदर तोंडाला लावून रडले. लोकांना वाटलं, आजारानं रडते आहे.

घरी येऊन वैशालीनं बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. बाईंचं नाव घालून. खाली रडक्या चेहऱ्यांची आणि हात जोडल्याची रांग लागली.

हॉस्पिटल

आधी ऑपरेशन झालं, मग केमो, मग किरणं. त्याचं फार लिहीत नाही. सकाळी सहाला चहा, सातला झाडू, नऊला डॉक्टरांची फेरी. फेरीत पाचसहा शिकाऊ डॉक्टर यायचे आणि कॉटचा पडदा नीट लागायचा नाही, मध्ये फट राहायची. मी अंग चोरून पडायची. तिथल्या एका आयाच्या लक्षात आलं. तिनं कपडे वाळत घालायचे दोन चिमटे घरून आणले आणि फट बंद केली. "आता झोप बिनधास्त," म्हणाली. मी घरी गेले तेव्हा चिमटे पुढच्या बाईसाठी तिथंच ठेवले. माझी एवढी काळजी आजपर्यंत कुणी न सांगता घेतली नव्हती.

मिस्टर रोज पेज आणायचे. बोलणारा माणूस नाही तो. पेज, चमचा, मिठाची पुडी मांडायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. केस गेले तेव्हा त्यांनी मला स्वतःचा जुना मफलर दिला, एवढंच.

भीती कसली वाटायची? मरणाची वाटायचीच. पण त्याहून जास्त वाटायची ती अशी, की मी अशीच गेले तर वैशाली जन्मभर बाईंना दोष देत राहील, आणि बाई जन्मभर तो घेत राहतील. रोज ठरवायची, आज सांगेन. वैशाली यायची, दिवसभर उभी राहून पाय सुजलेले, डब्यातलं सफरचंद चिरायची, बाहेर औषधासाठी भांडून यायची. मी सांगायची नाही.

घरी भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "आम्ही पण त्या बाईकडे जाणं बंद केलं. आता रिक्षा करून लांबच्या डॉक्टरकडे जातो." त्यांना वाटायचं, मला बरं वाटेल.

तिसऱ्या केमोनंतर मी घरी खिडकीत बसले होते. खाली दोन माणसं दवाखान्याची पाटी उतरवत होती. बाई पिशवी घेऊन बाजूला उभ्या होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. मी पडदा ओढला.

विमान परत आलं

उपचार संपून दीड महिना झाला होता. एका रविवारी शेठ स्वतः घरी आले, हातात हे मोठं खोकं. लिफ्ट असूनही त्यांना धाप लागली होती.

"साहेब बोलले, ज्याने बनवला त्यालाच द्या. बघा ना, काय झाला ते."

खोक्यात विमान होतं. उजवा पंख दोन बोटं खाली आला होता. बाकी सगळं जिथल्या तिथं, घड्याळंसुद्धा. शेठ म्हणत होते, कदाचित एसीची हवा, कदाचित सफाईवाल्याचा धक्का. मी पंख बघितला आणि मला कळलं. तिथं पुठ्ठा हवा होता. घडी घातलेला कागद हळूहळू दबतो, सैल होतो. डब्याला चालतं, कारण डबा आठ दिवसांत फेकतात.

सोमवारी वैशाली आणि मिस्टर कामावर गेल्यावर मी विमान टेबलावर घेतलं. एकटीनं उघडावं, चिठ्ठी काढावी, पुठ्ठा घालावा, कुणाला कळायचं नाही. होय, तेव्हाही मी हेच ठरवलं होतं. कटर हातात धरला, पण बोटांना तो कळेना. विमानावर लाल ठिपका दिसला तेव्हा समजलं की बोट कापलंय.

मिस्टर संध्याकाळी पट्टी बांधताना म्हणाले, "बोटाक लागला ता पण कळूक नाय तुका? येवढी कसली घाई?"

मी म्हटलं, "घाई नाही. उशीर झालाय."

त्यांनी पट्टीची गाठ मारली.

पुढच्या रविवारी वैशाली समोर येऊन बसली. चष्म्याचे बारीक स्क्रू लावून लावून तिचा हात चांगला बसला आहे. "तू सांग, मी करते. काय कापू?"

दोन वाक्यांत सगळं उलटं होणार होतं. मी म्हटलं, "पंखाच्या मुळाशी काप. कातडं हळू उचल. आत एक कागद आहे, तो फाटू देऊ नकोस."

"कसला कागद?"

"तू काढ."

तिनं कातडं उचललं, चिमट्यानं घडी ओढली. खळीचा तुकडा निघाला, मग घडी. कडा मोरचुदानं हिरवट झालेल्या. एकाही झुरळानं तिला तोंड लावलं नव्हतं. वैशालीनं एकेक पदर सोडवला आणि वाचायला लागली. तिला वेळ लागला. चार ओळींना एवढा वेळ लागत नाही.

"ही नाडकर्णी बाईंची आहे."

"हो."

"तारीख बघ यावरची. म्हणजे त्या खरं बोलत होत्या."

"हो."

"आणि तू तिथं होतीस. माझ्या बाजूला उभी होतीस, आई." तिचा आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली. "मला का बोलू दिलंस?"

मी याचं उत्तर कितीतरी दिवस शोधलं होतं. लाज वाटली, भीती वाटली, हे सगळं खरं होतं. पण तोंडातून वेगळंच आलं. "माझ्यासाठी कुणी कधी भांडलं नव्हतं. तू भांडत होतीस. मला ते बरं वाटलं."

ती उठून गॅलरीत गेली. मिस्टर मधल्या दारात होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले, खळीच्या वाटीवर ताटली झाकली आणि पुन्हा जाऊन बसले.

वैशाली आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "पुठ्ठा केवढा कापायचा सांग. हे पूर्ण करू आधी."

आम्ही काम केलं. ती कापायची, मी बघायची. पुठ्ठ्याची कड गुळगुळीत झाली का, ते बोटांना समजेना, म्हणून मी ती ओठाला लावून बघितली. तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. पंख सरळ बसला.

ग्रुप

तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. चौथ्या दिवशी मोबाईल माझ्यापुढे ठेवला.

"ग्रुपवर मी लिहिलं होतं. आता तू लिही. तुझ्या नंबरवरून."

त्या ग्रुपवर मी कधी नमस्कारसुद्धा पाठवला नव्हता. बोटं नीट चालत नव्हती, एकेक अक्षर दोनदोनदा पडत होतं. तिनं मदत केली नाही, आणि तेच बरोबर होतं. शेवटी एवढं लिहिलं: मी सातव्या मजल्यावरची इंदुमती परब. नाडकर्णी बाईंनी मला वेळेवर चिठ्ठी दिली होती. मी ती लपवली आणि गेले नाही. बाईंची चूक नव्हती. माझी होती.

दोन खुणा निळ्या झाल्या. कुणी काही लिहिलं नाही. अर्ध्या तासानं पाचव्या मजल्यावरच्या कुणीतरी पाणी उद्या येणार नाही असं टाकलं, आणि त्याच्यावर मात्र वीस जणांनी विचारलं, किती वाजेपर्यंत.

कांदिवली

बाई आता कांदिवलीला दुसऱ्यांच्या दवाखान्यात आठवड्यातून तीन दुपारी बसतात. आम्ही दोघी गेलो. बसमध्ये मी माफीचं वाक्य पाठ केलं होतं. आत गेल्यावर एवढंच बोलता आलं, "चिठ्ठी आणली."

बाईंनी ती हातात घेतली. "कुठं होती?"

मी सांगितलं. विमान, फट, खळ. त्यांनी चिठ्ठी सरळ करून वाचली. "वाटाण्याएवढी," त्या म्हणाल्या. "वाटाण्याएवढी होती तेव्हा. मी लिहिलंय इथं."

"हो."

वैशाली म्हणाली, "बाई, मी तेव्हा जे..."

"ते माझ्या मुलानं वाचलं," बाई म्हणाल्या. "कुणीतरी त्याला पाठवलं. त्यानं मला विचारलं, आई, तू असं केलंस? मी नाही म्हटलं. त्यानं विश्वास ठेवला. पण आधी विचारलं."

वैशाली खाली बघत राहिली. मला वाटलं, आता बाई म्हणतील, जाऊ दे. त्या तसं म्हणाल्या नाहीत. मी विचारलं, "पुन्हा तिकडे याल?"

"जागा गेली ती. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे ना?"

"आहे."

"राग आहे माझ्या मनात, इंदूताई. नाही म्हणणार नाही." मग त्या उठल्या आणि हात धुतले. "झोपा टेबलावर. दुसरी बाजू बघते."

पडदा ओढायचा राहिला होता. खोलीत आम्ही तिघीच होतो. मी हुक काढले. बाईंनी दोनदा तपासलं, आधी सावकाश, मग आणखी सावकाश. "इथं काही नाही," म्हणाल्या. "पण सहा महिन्यांनी यायचं. आणि येऊन गेले असं भाजीवाल्यासमोर सांगायचं नाही. खरंच यायचं."

"हो."

"नुसतं हो हो नको."

निघताना मी चिठ्ठीकडे हात केला. बाईंनी ती सोडली नाही. "ही मी ठेवू? 'बघू नंतर' म्हणणाऱ्या बायका रोज येतात. त्यांना दाखवीन. तुमचं नाव झाकते वरचं."

त्यांनी टेबलावरची काच एका बाजूनं उचलली आणि चिठ्ठी खाली सरकवली, लिहिलेली बाजू वर. नावावर लावायला त्या पांढरी पट्टी शोधत होत्या.

मी म्हटलं, "नको. नाव राहू दे."